सांगाडा कुणाचा, पुतळा कुणाचा?

स्वतःच्या खिशातून वर्गणी काढून आंबेडकरी समाजाने जितके पुतळे उभे केले, तितके या देशात क्वचितच दुसऱ्या कोणत्या समाजाने केले असतील. पण त्या पुतळ्याच्या पोटात काय असते, तो उभा कसा राहतो, त्याचा पुढे केलेला हात गळून का पडत नाही, हे याच समाजाच्या पोरांना शाळेत कोणी शिकवत नाही. हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही. शाळेच्या वेळापत्रकातून कोणता तास गळतो आणि कोणाच्या पोराच्या वाट्याचा गळतो, यामागे व्यवस्था असते. ती व्यवस्था कलेच्या तासातही तितकीच जिवंत आहे, आणि आपल्या चळवळीने तिकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, म्हणून हा लेख.

युरोप-अमेरिकेतल्या शाळांमध्ये कलेच्या तासाला एक पाठ फार लोकप्रिय आहे. आपल्याकडच्या महागड्या शाळांतही तो आता दिसतो. विद्यार्थ्यांना तार देतात आणि उंच, काडीसारखी बारीक माणसाची आकृती करायला सांगतात. हातभर तार मधोमध दुमडून डोक्यासाठी फास करायचा. त्याखाली पीळ देत मान आणि पाठीचा कणा, मग दोन्ही टोके फाकवून पाय. दुसरी तार खांद्याच्या जागी गुंडाळून हात. पाय लाकडी फळीला पक्के करायचे, नाहीतर सगळे ओझे घोट्यावर येऊन आकृती तोंडावर पडते. मग तिला चालायला लावायचे, वाकवायचे, हात वर करायचा. त्यावर चंदेरी फॉइल किंवा वर्तमानपत्राचा कागद, आणि वरून प्लास्टरची ओली पट्टी, म्हणजे हाड मोडल्यावर दवाखान्यात लावतात तीच. वाळले की काळपट तपकिरी रंग. दोन-तीन तासांत पोराच्या हातात ब्राँझसारखा दिसणारा एक माणूस उभा राहतो.

आतल्या या सांगाड्याला शिल्पकलेत आर्मेचर म्हणतात. ओल्या मातीला स्वतःचे वजन पेलत नाही. बसलेली मूर्ती कशीबशी तग धरते, उभी मूर्ती धरत नाही, आणि पुढे केलेला हात तर अजिबात नाही. म्हणून आधी सांगाडा, मग माती. मोठ्या पुतळ्यात लोखंडी पाइप आणि सळया असतात, आणि माती घसरू नये म्हणून लाकडाचे छोटे क्रॉस तारेने आत लटकवलेले असतात. पुतळा बघणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. पण सांगाडा चुकला तर वरची कारागिरी कितीही सुंदर असो, पुतळा कोसळतोच.

आता आपल्या वस्तीत या. बांधकामाच्या साईटवर ज्या पोराचा बाप सळई बांधतो, त्याला आर्मेचर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कॉलमच्या उभ्या सळया, त्यांना ठरावीक अंतरावर रिंगा, प्रत्येक जोडावर बाइंडिंग वायरचा वेढा, हुकाने दोन पीळ, आणि वरून काँक्रीट. तंत्र तेच, तर्कही तोच. हे ज्ञान त्या बापाच्या बोटांत आहे. पण त्या ज्ञानाला 'कला' म्हणून मार्क मिळतात ते दुसऱ्याच्या पोराला, दुसऱ्याच शाळेत. आमचा पहिला आक्षेप इथे आहे.

तासाला काय सांगतात आणि काय गाळतात

या पाठात शिक्षक एक नाव हमखास सांगतात: अल्बेर्तो जाकोमेत्ती. स्वित्झर्लंडमध्ये १९०१ साली जन्मलेला, पॅरिसमध्ये आयुष्य घालवलेला आणि १९६६ साली वारलेला शिल्पकार. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने केलेल्या लांबट, झिजलेल्या मानवाकृती जगभर गाजल्या. सार्त्रने १९४८ साली त्याच्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी लेख लिहिला आणि या आकृत्यांना आधुनिक माणसाच्या एकाकीपणाचे रूप म्हणण्याची रीत पडली. युद्धातल्या छळछावण्यांतून वाचलेल्यांची हाडे दिसणारी शरीरेही अनेकांना त्यांत दिसली. स्वतः जाकोमेत्ती मात्र सांगत असे की डोळ्यांना माणूस जसा दिसतो तसाच घडवण्याची त्याची धडपड आहे. त्याचा १९६० सालचा 'चालणारा माणूस' २०१० मध्ये लंडनच्या लिलावात साडेसहा कोटी पौंडांना विकला गेला. १९४७ सालचा 'बोट दाखवणारा माणूस' २०१५ मध्ये न्यूयॉर्कला १४ कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेला.

इतके बहुतेक तासांना सांगतात. आता गाळतात ते बघा. जाकोमेत्तीचा बाप जोवान्नी हा नावाजलेला चित्रकार होता. त्याचा धर्मपिता कूनो आमिए हाही चित्रकार. घरात रंग, घरात माती, घरात कलेची बोलणी. पॅरिसला जाऊन शिकायची सोय. समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यूने ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले, ते या घरात पाळण्यापासून होते. त्याची प्रतिभा आम्ही नाकारत नाही. पण 'कला रक्तातच असावी लागते' असे जेव्हा आमच्या पोरांना ऐकवले जाते, तेव्हा ते रक्त कोणत्या घरात, कोणत्या खर्चाने तयार झाले हेही सांगा, एवढीच आमची मागणी आहे.

दुसरे नाव गाळले जाते ते त्याच्या धाकट्या भावाचे, डिएगोचे. अल्बेर्तोसाठी सांगाडे बनवणारा, प्लास्टरचे साचे काढणारा, ब्राँझवर रंगछटा चढवणारा, आणि वर तासन्तास त्याच्यासमोर मॉडेल म्हणून बसणारा हा माणूस. ज्या बारीक आकृत्या जगाने डोक्यावर घेतल्या, त्यांतल्या कित्येकांच्या आतली तार डिएगोच्या हातची आहे. तो सख्खा भाऊ होता आणि पुढे फर्निचरचा कलावंत म्हणून स्वतःही गाजला, म्हणून त्याचे नाव निदान पुस्तकात तरी सापडते. आपल्या देशात सांगाडा बांधणारा भाऊ नसतो. तो मजूर असतो आणि त्याची जात असते. त्याचे नाव कोणत्याच चौथऱ्यावर येत नाही.

माणूस बारीक का आहे?

आमचा दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. वर्गात तीस-चाळीस बारीक माणसे टेबलावर उभी राहतात आणि शिक्षक विचारतात, 'तुम्हाला यात काय भावना दिसते?' पोरे शिकवलेले उत्तर देतात: एकटेपणा, अस्वस्थता, आधुनिक जीवन. भूक हा शब्द त्या वर्गात कोणी उच्चारत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि सुमारे ३६ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे. म्हणजे दर तीन मुलांमागे एकाहून अधिक. ही प्रगत म्हणवणाऱ्या राज्याची आकडेवारी आहे. आणि आदिवासी पाड्यांत, भूमिहीनांच्या वस्त्यांत, शहरातल्या झोपडपट्ट्यांत हे प्रमाण कुठे जात असेल ते सांगायला वेगळा अभ्यासक लागत नाही. आमच्यातले जे अंगणवाडीच्या वजनकाट्याशेजारी उभे राहून काम करतात, त्यांना बारीक आकृती बघायला संग्रहालयात जावे लागत नाही.

या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचा निर्णय घेतला. काय गहजब झाला! कोणाच्या भावना दुखावल्या, कोणाचा धर्म बुडाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्या अंड्यासाठीचा निधीच थांबवला. द्यायचे तर लोकसहभागातून द्या म्हणाले. ज्यांच्या घरी दूध, तूप, सुकामेवा आहे, त्यांनी ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांच्या ताटातले अंडे उचलले. अशा राज्यात बारीक माणसाचे शिल्प करायला लावून पोरांना फक्त 'एकटेपणा' शिकवणे म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे होय.

आम्हाला असा कलेचा तास हवा, जिथे शिक्षक पोराला विचारेल: तुझा माणूस बारीक आहे, तो का? तो उपाशी आहे का? कशाने? तो कुठे चालला आहे? ऊसतोडीला? गटारात उतरायला? की मोर्चाला? तार तीच राहील, प्लास्टर तेच राहील. पण पोर जे घडवेल ते त्याने पाहिलेले असेल.

आपल्याकडची बारीक बाई: सुजाता

कोणी म्हणेल, हा विषयच परका आहे, आपल्या परंपरेत बारीक आकृती कुठे आहे? आहे, आणि थेट आपल्या बौद्ध परंपरेशी जोडलेली आहे.

शांतिनिकेतनच्या परिसरात १९३५ साली रामकिंकर बैज यांनी एक स्त्रीशिल्प उभे केले. उंच, सडपातळ, आजूबाजूच्या झाडांच्या खोडांसारखे सरळ, जणू झाडांतलेच एक झाड चालू लागले आहे. मूळ आकृती तिथल्याच एका विद्यार्थिनीवरून सुचलेली. नंदलाल बोस यांनी ती बघून डोक्यावर पायसाचे भांडे द्यायला सुचवले, आणि त्या भांड्यामुळे ती 'सुजाता' झाली. तपश्चर्येने हाडांचा सापळा झालेल्या सिद्धार्थ गौतमाला खीर देणारी सुजाता. जाकोमेत्तीच्या ज्या लांबट आकृत्या जगभरच्या वर्गांत शिकवतात, त्या युद्धानंतरच्या आहेत. सुजाता त्यांच्या सुमारे दहा वर्षे आधी बंगालच्या उन्हात उभी होती. मग आपल्या पोरांना पॅरिसचा पत्ता तोंडपाठ आणि बोलपूरचा माहीत नाही, हे कसे झाले?

कोण होते रामकिंकर? १९०६ साली बांकुडा येथे न्हावी समाजातल्या गरीब कुटुंबात जन्मलेला मुलगा. घरात कलेचे भांडवल काही नाही. गावातल्या मूर्तिकारांचे काम बघत बघत हात तयार झाला. १९२५ मध्ये शांतिनिकेतनला आले आणि तिथेच राहिले, शिकले, शिकवले. ब्राँझ परवडत नव्हते. म्हणून सिमेंट आणि तिथल्या तांबड्या जांभ्याची खडी घेतली, आणि सांगाड्यावर ते मिश्रण थेट थापत उघड्या मैदानात शिल्पे उभारली. १९३८ सालचे 'संथाळ कुटुंब' असेच घडले. बाप खांद्यावर कावड घेऊन निघाला आहे, कावडीत मूल आहे, बरोबर आई आहे आणि कुत्रा आहे. राजा नाही, देव नाही, सेनापती नाही. कामाच्या शोधात गाव सोडून निघालेले आदिवासी कुटुंब त्यांनी माणसापेक्षा मोठे करून ठेवले. महाराष्ट्रात दर वर्षी दिवाळीनंतर बैलगाडीतून, ट्रकमधून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे शिल्प समजायला समीक्षक लागत नाही.

आणि सुजाताने ज्याला खीर दिली, त्या सिद्धार्थाचेही शिल्प आहे. लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीतली उपोषित सिद्धार्थाची मूर्ती आहे, सिक्री इथे सापडलेली. पोट पाठीला टेकलेले, बरगडी न् बरगडी मोजता यावी अशी, कातडीखालच्या शिरा दिसणाऱ्या, डोळे खोबणीत गेलेले. जगातल्या सर्वांत कृश मानवी शिल्पांपैकी ते एक असावे. पण आपल्यासाठी महत्त्वाचे हे की गोष्ट त्या मूर्तीपाशी थांबत नाही. उपासमारीने ज्ञान मिळत नाही हे सिद्धार्थ गौतमाने अनुभवाने जाणले आणि अन्न घेतले. बरोबरचे पाच परिव्राजक त्याला सोडून गेले, तरी घेतले. शरीराचा छळ हा पुण्याचा मार्ग नाही, हे धम्माचे म्हणणे त्या खिरीच्या भांड्यापासून सुरू होते. अंडे नाकारणाऱ्या सोवळ्या व्यवस्थेला आपले उत्तर त्याच भांड्यात आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, बारीक आकृतीचा पाठ घ्या, जरूर घ्या. पण वर्गात तीन चित्रे लावा: जाकोमेत्तीचा चालणारा माणूस, लाहोरचा उपोषित सिद्धार्थ आणि रामकिंकरांची सुजाता. एक एकटा आहे, एक उपाशी आहे आणि एक अन्न घेऊन निघाली आहे. पोरांना ठरवू द्या त्यांना कोण घडवायचे ते.

तार स्वस्त, तास महाग

या पाठाला लागते तरी काय? बाइंडिंग वायर, जुने वर्तमानपत्र, पिठाची खळ, थोडे प्लास्टर, फळीचा तुकडा आणि एक पक्कड. कोणत्याही वस्तीत हे सामान मिळते. मिळत नाही तो शिक्षक.

शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची उघडून बघा. सहावी ते आठवीच्या वर्गांत पटसंख्या १०० च्या वर असेल, तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक द्यायचा, आणि तोही अंशकालीन. म्हणजे लहान गावातल्या, वाडीवरच्या, तांड्यावरच्या शाळेतल्या मुलाला कायद्यानेच कलाशिक्षक नाही. हक्काच्या कायद्यात हा हक्क पटसंख्येला टांगलेला आहे! ज्या शाळांत आपली पोरे शिकतात, त्या शाळा लहान का आहेत, त्यांचा पट का घसरतो आहे, हा प्रश्न मग वेगळा राहत नाही.

दुसरीकडे ग्रेड परीक्षा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक क्लास लावतात, फी भरतात. पण त्यांत आहे काय? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. सगळे कागदावर. माती नाही, तार नाही, शिल्प नाही. महाराष्ट्रातले मूल 'कलेत पास' होऊन दहावीतून बाहेर पडते आणि त्याने आयुष्यात एकदाही तीन मितींत काही घडवलेले नसते. हात मातीत घालणे हे कलेच्या परीक्षेतही खालच्या दर्जाचे ठरले आहे. कागद स्वच्छ, माती विटाळ. हा विचार कुठून येतो ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

आपल्याच लोकांच्या दोन शंका

पहिली शंका आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. 'पोरगं तार वाकवत बसलं तर एमपीएससी कधी करणार? कला ही पोट भरलेल्यांची चैन आहे.' ही शंका विचारणाऱ्या आई-बापावर आमचा राग नाही. तीन पिढ्यांच्या कष्टानंतर एक पोर कॉलेजात गेले आहे, ते घसरू नये ही त्यांची भीती खरी आहे. पण चैन म्हणजे काय, हे कोण ठरवते? ज्यांनी आपल्याला शतकानुशतके राबवले, त्यांनीच आपल्याला हेही शिकवले की सौंदर्याशी तुमचा संबंध नाही. शाहिरी जलसे नसते तर बाबासाहेबांचा विचार गावोगाव कसा पोचला असता? निरक्षर बाईच्या ओवीत भीमराव आले ते कोणत्या परीक्षेतून? आपल्या चळवळीने गाणे कधीच चैन मानले नाही. मग शिल्प चैन कसे?

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि ती विचार करणारे कार्यकर्ते विचारतात. 'हाताचे काम जातीने आपल्यावर लादले होते. बाबासाहेबांनी ते टाकून शिकायला सांगितले. आता शाळेत पुन्हा हातकामच शिकायचे?' ही भीती अजिबात खोटी नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी योजना आणली होती: मुलांनी शाळेत निम्मा वेळ शिकायचे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण म्हणून झोडपले, आणि पुढच्याच वर्षी कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती गुंडाळावी लागली. आज २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस 'दप्तराविना' सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याबरोबर काम शिकायची कल्पना आहे. श्रीमंताच्या पोराला ते दहा दिवस सहलीसारखे. कुंभाराच्या पोराला मात्र ते दहा दिवस संपतच नाहीत.

तर मग फरक कशात करायचा? बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मध्ये दाखवून दिले की जातीने फक्त कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली आणि त्यांना वर-खाली रचले. त्याच कसोटीवर कलेचा हा तास तपासू. कुंभाराच्या पोराने कुंभारकाम आणि सुताराच्या पोराने सुतारकाम शिकावे, असे ज्या तासाला वाटते तो तास जातीचा. कुलकर्ण्यांच्या मुलीने, कांबळ्यांच्या मुलाने, शेखांच्या मुलीने एकाच बाकावर बसून तीच तार वाकवावी, तिघांच्या नखांत तेच प्लास्टर जावे, आणि तिघांनी नंतर गणितही तितकेच शिकावे, असा जो तास आहे तो जातीच्या विरोधातला. हाताचे काम हलके नव्हते. त्याला जन्माशी बांधणे हा गुन्हा होता.

एकलव्याची गोष्ट आपण सगळे सांगतो, पण अर्धीच सांगतो. धनुष्य उचलण्याआधी त्याने द्रोणाचा मातीचा पुतळा घडवला होता. म्हणजे तो शिल्पकारही होता. अंगठा कापला गेला तो फक्त नेमबाजाचा नव्हे. माती दाबणारा, तारेला पीळ देणारा अंगठाही तोच होता.

आपले पुतळे, दुसऱ्यांचे हात

आता आपल्या पुतळ्यांकडे येऊ. कोल्हापूरच्या बिंदू चौकात माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे बसवले गेले, बाबासाहेब हयात असताना. संसदेच्या आवारातला पुतळा १९६७ सालचा. इंदू मिलच्या जागेवरच्या स्मारकातला पुतळा साडेतीनशे फुटांचा ठरला. आपण तारखा सांगतो, फूट मोजतो, उद्घाटनाला कोण आले ते लक्षात ठेवतो. संसदेतला पुतळा ब्रह्मेश वाघ यांनी घडवला, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? इंदू मिलच्या पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावच्या सुतारकाम करणाऱ्या कुटुंबातले. त्यांना गावातच एक शिक्षक भेटला, तो त्यांना घडवणारा होता, आणि मग जे. जे. कला महाविद्यालयाची वाट सापडली. असा शिक्षक नसता तर? कारागिराच्या किती पोरांना तो भेटलाच नाही, त्याची मोजदाद कोण करणार?

आणि एक गोष्ट पुतळ्यांच्या बाबतीत आपण रोज बघतो. आपले बाबासाहेब एका हातात संविधान धरून दुसऱ्या हाताचे बोट पुढे दाखवतात. शिल्पाच्या दृष्टीने ही सर्वांत कठीण मुद्रा. पुढे केलेला हात आतल्या सांगाड्याशिवाय एक दिवस टिकणार नाही. स्वस्तात, घाईत, आत पुरेशी सळई न घालता केलेल्या पुतळ्याचा तोच हात आधी तडकतो. आणि विटंबना करणारे हल्लेखोरही आधी त्याच बोटावर दगड घालतात. जाकोमेत्तीचा बोट दाखवणारा माणूस कोट्यवधी डॉलरला जातो आणि काचेआड पहाऱ्यात राहतो. आपला बोट दाखवणारा माणूस चौकात जाळीच्या पिंजऱ्यात उभा आहे. हा पिंजरा कोणी बांधायला लावला, हे या देशाला रोज विचारले पाहिजे.

पण एक प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. पुतळ्याच्या चौथऱ्यावर आपण संगमरवरी पाटी लावतो. तिच्यावर मंत्री, आमदार, नगरसेवक, मंडळाचा अध्यक्ष, खजिनदार अशी पंचवीस नावे असतात. घडवणाऱ्याचे नाव? ओतकाम करणाऱ्याचे? सांगाडा बांधणाऱ्याचे? आपल्या पूर्वजांची रीत अशी नव्हती. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. प्रवेशद्वाराचे काम त्याने केले, म्हणून दगडात त्याचे नाव कोरले. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. संघासाठीची ठेव त्यांच्याकडे विश्वासाने ठेवली जात होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धम्माच्या भिंतीवर सुताराला नाव होते आणि बुरुडाची पत होती. ती भिंत आपली आहे, तर ती रीतही आपलीच आहे.

करायचे काय?

तक्रार करून थांबणे आम्हाला मान्य नाही. करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेच उद्यापासून करता येईल.

एक: आपल्या विहारांत, अभ्यासिकांत महिन्यातून एक रविवार घडवण्याचा ठेवा. तार, कागद, खळ, पक्कड. शिकवायला वस्तीतलाच सळई बांधणारा फिटर बोलवा, त्याला खुर्ची द्या, 'सर' म्हणा, मानधन द्या. स्वतःचा बाप शिक्षक झालेला पोराने बघितला पाहिजे. मुलींना पुढे बसवा, कारण पक्कड हातात घ्यायची सवय त्यांनाच सर्वांत कमी लावली जाते.

दोन: शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी बैठकीत लेखी विचारावे की कलेचा तास वेळापत्रकात आहे का, तो प्रत्यक्षात कोण घेते, त्या तासाला गणिताची उजळणी तर होत नाही ना. पटसंख्येची अट काढून प्रत्येक उच्च प्राथमिक शाळेला, निदान केंद्रशाळेमार्फत, पूर्णवेळ कलाशिक्षक मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनात शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या मागणीशेजारी आली पाहिजे.

तीन: ग्रेड परीक्षांत शिल्पाचा समावेश करा, ही मागणी कला संचालनालयाकडे लावून धरा.

चार: पोषण आहारातल्या अंड्याची लढाई आणि कलेच्या तासाची लढाई वेगळ्या समजू नका. उपाशी पोराचे बोट थरथरते आणि थरथरत्या बोटाला तार वळत नाही.

पाच: यापुढे आपल्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पुतळ्याच्या पाटीवर शिल्पकाराचे, ओतकाम करणाऱ्याचे आणि सांगाडा बांधणाऱ्याचे नाव पहिल्या ओळीत लिहा. नेत्यांची नावे खाली बसतील, जागा उरली तर.

येत्या १४ एप्रिलला मंडपात डीजे लागणारच असेल तर लागू द्या. पण त्याच मंडपाच्या एका कोपऱ्यात एक टेबल टाका आणि त्यावर वस्तीतल्या पोरांनी तारेतून घडवलेली माणसे मांडा. वाकडी असतील, डुगडुगतील, एखाद्याचे डोके मोठे झालेले असेल. कोणी ऊस वाहत असेल, कोणी डोक्यावर भांडे घेऊन निघाली असेल, कोणी बोट पुढे केले असेल. प्रत्येकाखाली घडवणाऱ्या पोराचे पूर्ण नाव लिहा, आईच्या नावासकट. समाजाला बाबासाहेबांचे पुतळे विकत घेता येतात, हे आपण सत्तर वर्षे दाखवले. आता ते घडवताही येतात, हे दाखवायची पाळी आहे.

जय भीम!